डेनिमची काटकसर कुणाच्या पदरात? नांदगाव पेठच्या पार्कला विचारायचे चार आकडे

अमरावती : नांदगाव पेठच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांच्या हस्ते झाली. देशात असे सातच पार्क मंजूर आहेत आणि महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला एकमेव पार्क आपल्या जिल्ह्यात, साधारण हजार एकरांवर. शेतातल्या कापसापासून परदेशी दुकानातल्या कपड्यापर्यंतची सगळी साखळी एका जागी आणायची, असा हा बेत. गावोगावी मात्र बोलणं दोनच गोष्टींचं होतं. पोरांना काम किती मिळणार आणि पाणी कुठून येणार?

पहिल्या प्रश्नावर भाषणं बरीच झाली. दुसऱ्यावर फारसं कोणी बोलत नाही. म्हणून कापड उद्योगातलं सगळ्यात ओळखीचं कापड, म्हणजे जीन्सचं डेनिम, समोर ठेवून तो प्रश्न तपासायला हवा. डेनिम या पट्ट्याला नवं नाही. शेजारच्या यवतमाळात लोहारा एमआयडीसीत डेनिमचा मोठा कारखाना आहेच. हे कापड जाड सुताचं असतं. एका जीन्सला अर्धा किलोहून जास्त रुई लागते. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला असं कापड सोयीचंच. पण त्याचा निळा रंग पाण्याशिवाय चढत नाही.

'लीन' आणि 'ग्रीन'

नव्या कारखान्यांच्या माहितीपत्रकात हे दोन शब्द हमखास जोडीनं येतात. 'लीन' म्हणजे अंगावर फाजील चरबी नसलेला कारभार. जपानच्या टोयोटा कंपनीत ताइची ओहनो या अभियंत्यानं दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत घडवली. गरजेपेक्षा जास्त माल काढणं, वाट पाहत बसणं, मालाची उगाच ने-आण, नको तेवढी प्रक्रिया, गोदामात पडून राहणारा साठा, कामगाराची विनाकारण हालचाल आणि बिघडलेला माल, अशी सात प्रकारची नासाडी त्यांनी मांडली. ती शोधायची, कमी करायची आणि हे काम रोज करत राहायचं, एवढंच त्याचं सार.

'ग्रीन' म्हणजे पाणी, वीज, रसायनं कमी वापरायची आणि बाहेर घाण कमी सोडायची. वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात, कारण नासाडी कमी झाली की पाणी वाचणारच. सरकारलाही ही जोडी पटलेली आहे. १५ ऑगस्ट २०१४ च्या लाल किल्ल्यावरच्या भाषणात पंतप्रधानांनी 'झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट' अशी घोषणा केली. माल बिघडायला नको आणि निसर्गावर परिणामही व्हायला नको, असा तिचा अर्थ. त्या नावानं लघुउद्योगांसाठी प्रमाणपत्राची योजना आली. मार्च २०२३ मध्ये लघुउद्योगांसाठी वेगळी 'लीन' योजनाही सुरू झाली. सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा त्यात केंद्र सरकार उचलतं.

दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. अडचण पुढे आहे. लीन आणि ग्रीन काही अंतर सोबत चालतात, मग एका वळणावर त्यांच्या वाटा फुटतात. ते वळण नेमकं कुठे येतं, हे आसपासच्या गावांना माहीत असायला हवं.

निळ्या टाकीत काय होतं

डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा धागा पांढरा. निळा रंग नीळेचा, म्हणजे इंडिगोचा. गंमत अशी की इंडिगो पाण्यात विरघळतच नाही. म्हणून कॉस्टिक सोडा आणि सोडियम हायड्रोसल्फाइट (कारखान्यातल्या भाषेत 'हायड्रोस') टाकून त्याचं रूप बदलतात. तेव्हा तो पिवळसर हिरवा होतो आणि विरघळतो. सुताचे दोर किंवा उभ्या धाग्यांची अख्खी चादर या टाकीत बुडवायची, पिळायची आणि वर हवेत फिरवायची. हवा लागली की धागा निळा होतो. गडद रंगासाठी असं पाच-सहा किंवा त्याहून जास्त वेळा करावं लागतं. रंग धाग्याच्या वरच्या थरातच बसतो, आतला गाभा पांढरा राहतो. जीन्स विटते आणि विटून छान दिसते ती त्यामुळेच.

नंतर धुलाई, धाग्याला खळ, विणाई, मग तयार कापडातली ती खळ काढणं आणि शेवटी जीन्स शिवून झाल्यावर पुन्हा धुलाई. प्रत्येक टप्प्यावर पाणी आत येतं आणि काहीतरी घेऊन बाहेर जातं. सुटलेला रंग डोळ्यांना दिसतो. खळीमुळे पाण्यातला सेंद्रिय भार वाढतो. हायड्रोस आणि कॉस्टिकमधून उरतात ते क्षार. ते दिसत नाहीत, वासही येत नाही. पण गावाच्या दृष्टीनं सगळ्यात चिवट तेच.

जिथे वाटा जुळतात

डेनिममध्ये सर्वात महाग नासाडी कोणती? बिघडलेली छटा. एका लॉटची निळाई दुसऱ्याशी जुळली नाही की ते कापड 'सेकंड' म्हणून स्वस्तात जातं किंवा त्यावर पुन्हा प्रक्रिया होते. पुन्हा प्रक्रिया म्हणजे पुन्हा पाणी, पुन्हा वाफ, पुन्हा रसायनं. टाकीतलं हायड्रोसचं प्रमाण, कॉस्टिकचा जोर आणि यंत्राचा वेग सतत मोजून छटा पहिल्याच वेळी बरोबर आणली, तर कंपनीचा पैसाही वाचतो आणि नाल्याचा भारही. इथे लीन आणि ग्रीन एकच आहेत.

अशा साध्या गोष्टी बऱ्याच आहेत. धुलाईच्या टाक्या ओळीनं असतात. प्रत्येक टाकीत वेगळं ताजं पाणी सोडण्याऐवजी ते फक्त शेवटच्या टाकीत सोडायचं आणि उलट्या दिशेनं पुढच्या टाक्यांकडे आणायचं. तेच पाणी तीन-चार वेळा कामी येतं. यंत्र थांबलं की पाण्याचा नळ आपोआप बंद व्हावा म्हणून झडप बसवायची. वाफेचं गरम पाणी गटारात न सोडता बॉयलरला परत द्यायचं. हवेच्या झोतावर चालणाऱ्या मागांच्या नळ्यांतली गळती बुजवायची. कापडाला चमक आणि ताकद देताना वापरलेलं कॉस्टिक आटवून पुन्हा वापरायचं. धुलाईच्या पाण्यातला इंडिगो बारीक गाळणीनं परत मिळवायचा.

यातल्या बऱ्याच गोष्टी आधी कळतात त्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला. कुठला नळ दिवसभर वाहतो, हे ऑफिसातल्या साहेबापेक्षा पाळीवरचा कामगार अचूक सांगेल. लीनचा पायाच त्याचं ऐकण्यावर उभा आहे. पण तो कामगार ठेकेदारामार्फत आलेला असेल आणि पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही याची त्याला खात्री नसेल, तर तो कशाला बोलेल? म्हणून 'स्थानिकांना काम' या मागणीत कायम काम आणि प्रशिक्षण हे दोन शब्द घातले, तर त्यांचा उपयोग पोरांपुरता राहत नाही. पाणी वाचवायलाही ते लागतात.

जिथे वाटा फुटतात

लीन सांगतं, माल छोट्या लॉटमध्ये काढा, मागणी येईल तेवढाच काढा, साठा करू नका. शिवणकामात हे छान जमतं. रंगाईच्या टाकीला ते मानवत नाही. छटा बदलायची म्हणजे धुलाईच्या टाक्या रिकाम्या करायच्या, यंत्र साफ करायचं, सुरुवातीचं थोडं सूत वाया घालवायचं. जितके लॉट छोटे, तितक्या वेळा हे सगळं. परदेशी ग्राहकाला दर महिन्याला नवी छटा हवी असते, तेव्हा गोदाम मोकळं राहतं आणि नाला भरतो. मागणीप्रमाणे रोज थोडा थोडा माल पाठवायचा तर अर्धे भरलेले ट्रकही जास्त धावतात. कंपनीच्या कागदावर लीन, गावाच्या अंगावर भार.

दुसरी फूट त्याहून महत्त्वाची. लीनमध्ये नासाडी म्हणजे ज्याचा खर्च कंपनीला पडतो ती. जिथे पाणी स्वस्त आणि खराब पाण्याचा त्रास दुसऱ्याच्या विहिरीला, तिथे कंपनीच्या हिशेबात ती नासाडी दिसतच नाही. ती दिसते खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला, चार-पाच वर्षांनी, संत्र्याची पानं करपायला लागल्यावर.

मिठाचं साधं गणित

कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी केंद्र सरकारनं २०१६ मध्ये अधिसूचना काढून मर्यादा घातल्या. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा त्यात लिटरमागे २१०० मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे ५०० मिलिग्रॅम चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात.

आता समजा, एक कारखाना दिवसाला १० लाख लिटर सांडपाणी सोडतो आणि त्यात लिटरमागे २१०० मिलिग्रॅम क्षार आहेत. कायद्यानं सगळं ठीक. तरी दिवसाला २.१ टन क्षार बाहेर पडले. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६३० टन. दहा टनी ट्रकनं मोजायचं तर ६३ ट्रक मीठ, तेही नियमात राहून.

पुढची गोष्ट त्याहून विचित्र. कंपनीनं मनापासून काटकसर केली, पाणी निम्म्यावर आणलं, पण रसायनं तेवढीच ठेवली. आता पाच लाख लिटरमध्ये तेच २.१ टन क्षार, म्हणजे लिटरमागे ४२०० मिलिग्रॅम. नमुना नापास! याउलट शेजारच्या कारखान्यानं सांडपाण्यात गुपचूप स्वच्छ पाणी मिसळलं तर त्याचा नमुना पास. लिटरमागचा आकडा एकटाच पाहिला, तर पाणी वाचवणारा दोषी ठरतो आणि पाणी ओतणारा सुटतो. म्हणून हिशेब लागतो तो एकूण क्षारांचा, दर हजार मीटर कापडामागे किती किलो क्षार बाहेर पडले याचा. तो कमी करायचा तर पाण्याबरोबर हायड्रोस आणि कॉस्टिकही कमी लागायला हवं. आधीच विरघळवून आणलेला इंडिगो वापरला की हायड्रोस कमी लागतं. पाण्याच्या टाकीऐवजी फेसातून रंग चढवण्याचं तंत्रही बाजारात आलं आहे. २०१९ मध्ये स्पेनमधल्या एका मिलनं रँग्लर या ब्रँडसाठी तसं डेनिम काढून दाखवलं.

भातकुली, दर्यापूर, अंजनगाव सुर्जीच्या माणसाला खारं पाणी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पूर्णेचा खारपाणपट्टा निसर्गानंच दिलेला आहे. विहिरीला पाणी असून पिकाला देता येत नाही, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट. त्याच जिल्ह्यात माणसानं दुसरा खारपाणपट्टा तयार करू नये, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

तिरुपूरनं काय शिकवलं

तमिळनाडूतल्या तिरुपूरनं होजिअरीच्या जोरावर गावाचं शहर केलं. रंगाईचं खारं पाणी मात्र नोय्यल नदीत गेलं. खाली सिंचनासाठी बांधलेल्या ओरथुपालयम धरणात ते साठत गेलं आणि ज्यांच्यासाठी धरण बांधलं तेच शेतकरी त्यातलं पाणी नको म्हणून न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं शेकडो रंगाई युनिट बंद करायला लावली. हजारो मजुरांचं काम एका आदेशानं थांबलं.

त्यानंतर तिथे शून्य सांडपाण्याची पद्धत खरोखर उभी राहिली. पाणी आधी साफ करायचं, मग पडद्यातून गाळायचं, उरलेलं खारं पाणी आटवायचं, शुद्ध पाणी परत कारखान्यात वापरायचं. पाणी वाचतं, नदीही वाचते. पण आटवायला वाफ लागते, वाफेला इंधन लागतं, आणि शेवटी मिठाचा गाळ उरतोच. म्हणजे 'शून्य' हा शब्द फक्त पाण्यापुरता. गाळ कुठे साठवणार, पावसाळ्यात त्यावर छप्पर असणार का, हे विचारावंच लागतं. टाकीत मुळात कमी रसायन गेलं तर आटवायचा खर्च कमी होतो. इथे लीन आणि ग्रीन पुन्हा एकत्र येतात, कारण आता प्रदूषणाचा खर्च कंपनीच्या खात्यावर पडतो. त्यांना जोडलं ते आधी न्यायालयाच्या आदेशानं. कारखान्यांची इच्छा नंतर आली.

ऊर्ध्व वर्धाचं पाणी कुणाचं

जागतिक पातळीवरचा एक आकडा नेहमी सांगितला जातो. लिव्हाईस कंपनीच्या २०१५ च्या अभ्यासाप्रमाणे एका जीन्सला तिच्या सगळ्या आयुष्यात ३७८१ लिटर पाणी लागतं. त्यातलं ६८ टक्के कापूस पिकवायला आणि २३ टक्के घरच्या धुण्याला. यावरून कारखान्याचा वाटा किरकोळ असं कोणी म्हणेल. पण ही सरासरी कालव्यानं भिजणाऱ्या कापसाचीही आहे. विदर्भातला बहुतांश कापूस कोरडवाहू, पावसाच्या भरवशावरचा. आपल्याकडे कापूस धरणाचं पाणी फारसं पीतच नाही. म्हणून धरणाच्या हिशेबात कारखान्याचा वाटा इथे किरकोळ धरता येत नाही.

सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणावर अमरावती शहराची तहान आहे, उद्योगांची आहे आणि मोर्शी, तिवसा भागातल्या शेतीचीही. नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला याच धरणाचं पाणी देण्यावरून साधारण पंधरा वर्षांपूर्वी जिल्ह्यात आंदोलनं झाली. सिंचनाचं पाणी वळवल्याचा राग होता. तो राग पुन्हा नको असेल तर पाणी येणार कुठून हे पार्क भरण्याआधी ठरायला हवं.

उपाय अगदीच नवा शोधायचा नाही. अहमदाबादेत अरविंद कंपनीनं गॅप या अमेरिकी ब्रँडसोबत घरगुती सांडपाणी शुद्ध करून डेनिमसाठी वापरायला घेतलं. अमरावती शहराचं सांडपाणी रोजच तयार होतं. ते नीट शुद्ध करून पार्कला दिलं, तर धरणातला तेवढा भाग शेतीला मोकळा राहतो. त्याला महापालिका, एमआयडीसी आणि जलसंपदा खातं यांचं एकमत लागतं. यंत्र विकत मिळतं, एकमत मिळवावं लागतं.

पहिली नासाडी वावरातच

लीनची साखळी खरं तर वेचणीपासून सुरू होते. खताच्या प्लास्टिक पोत्यात कापूस भरला की त्याचे धागे रुईत जातात. प्लास्टिक रंग धरत नाही, त्यामुळे निळ्या धाग्यात तो तुकडा पांढरा चमकतो आणि कापड सेकंडमध्ये जातं. म्हणून मिलवाले सांगतात, वेचणीला सुती झोळी वापरा, डोक्याला फडकं बांधा, ओला कापूस मिसळू नका.

सांगणं बरोबर आहे. पण स्वच्छ वेचणीला वेळ जास्त लागतो आणि वेचणीचा दर किलोवर असतो. वेचणाऱ्या बाईची मजुरी त्यात घटते, नाहीतर शेतकऱ्याचा खर्च वाढतो. जिनिंगवर मात्र स्वच्छ आणि मळका कापूस पुष्कळदा एकाच भावात जातो. मिलचं सेकंड कमी झालं, त्यातला एक रुपया वावरापर्यंत आला का? पार्क शेजारीच असेल तर हा व्यवहार थेट करता येईल. स्वच्छ गाठीला ठरलेला जास्त भाव, लेखी. नाहीतर काटकसर शेतकऱ्याची आणि नफा दुसऱ्याचा, ही जुनीच गोष्ट नव्या नावानं.

विचारायचे चार आकडे

कारखाना 'हरित' आहे हे फलकावरून कळत नाही. चार आकड्यांवरून कळतं.

एक, दर हजार मीटर कापडामागे ताजं पाणी किती लिटर. दोन, वापरलेल्या एकूण पाण्यात पुनर्वापराचा वाटा किती. तीन, दर हजार मीटरमागे बाहेर गेलेले क्षार किती किलो आणि गाळ कुठे गेला. चार, एकूण मालात सेकंड आणि पुन्हा प्रक्रिया केलेला माल किती टक्के. चौथा आकडा कंपन्या व्यापारी गुपित म्हणून टाळतील. पहिल्या तिन्हींचा आधार मात्र कायद्यात आहे.

पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या नियम १४ प्रमाणे प्रदूषण मंडळाची संमती लागणाऱ्या प्रत्येक उद्योगाला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत नमुना पाचमध्ये पर्यावरण विवरणपत्र मंडळाकडे द्यावं लागतं. उत्पादनाच्या एककामागे किती पाणी लागलं, रोज किती प्रदूषक बाहेर गेलं, गाळ किती आणि त्याचं काय केलं, हे सगळं त्यात लिहायचं असतं. माहिती अधिकाराचा अर्ज करून कोणत्याही नागरिकाला हे विवरणपत्र मागता येतं. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्या सेबीच्या नियमानं पाण्याचा हिशेब छापतात, पण तो बहुधा अख्ख्या कंपनीचा असतो. गावाला लागतो तो आपल्या शेजारच्या कारखान्याचा.

आणखी एक काम आजच करण्यासारखं आहे. पार्क पूर्ण भरायच्या आत आसपासच्या गावांतल्या विहिरींच्या पाण्याची क्षार तपासणी करून घ्यायची आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवायचे, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. दहा वर्षांनी वाद झाला तर 'आधी पाणी कसं होतं' याचं उत्तर तोंडी असून चालत नाही. तिरुपूरच्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

पार्क यावा, पोरांना काम लागावं, कापसाला जवळ गिऱ्हाईक मिळावं, याला जिल्ह्यात कोणाचा विरोध नाही. वाचवलेल्या पाण्याचा हिशेब मात्र फक्त कंपनीच्या ताळेबंदात न राहता विहिरीच्या पाण्यातही दिसायला हवा. नमुना पाचची पुढची मुदत ३० सप्टेंबर आहे. अर्ज साध्या कागदावर करता येतो, फी दहा रुपये.